हिशेबांत न आलेलें मूल

दारूच्या बाबतींत समाजानें आजवर तीन हिशेब फार काळजीनें ठेविले आहेत. पहिला सरकारी खजिन्याचा : किती गॅलन दारू गाळली गेली, किती दुकानांचे लिलांव झाले, अबकारीचें उत्पन्न किती वाढलें. दुसरा पोलिसांचा व न्यायाधिशांचा : किती मारामाऱ्या झाल्या, किती खून पडले, किती लोक अटकेंत गेले. तिसरा वैद्यांचा : पिणाराचें यकृत किती बिघडलें, त्याचें आयुष्य किती घटलें. ह्या तिन्ही वह्या भरगच्च आहेत. परंतु पिणाराच्या घरीं जें मूल असतें त्याची वही मात्र फार उशिरां उघडली गेली. त्या मुलानें पेला कधीं हातीं धरलेला नसतो. तरी पेल्याची किंमत त्याच्या दुधांतून, पाटीपुस्तकांतून आणि रात्रीच्या झोंपेंतून वसूल होत असते. हें मूल समाजाच्या आणि कायद्याच्या दृष्टीस केव्हां पडलें, आणि दृष्टीस पडूनहि पुन्हां पुन्हां दृष्टीआड कसें झालें, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

ह्या इतिहासाचें पहिलें ठळक पान लंडन शहरांत सांपडतें. सन १६८९ मध्यें हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला. फ्रान्सशीं वैर असल्यामुळें फ्रेंच ब्रँडीची वाट अडविण्यांत आली, आणि देशांतील धान्यापासून दारू गाळण्यास १६९० च्या कायद्यानें मोकळीक मिळाली. जमीनदारांच्या धान्यास गिऱ्हाईक मिळालें, सरकारास कर मिळाला, आणि लंडनच्या गरिबांस जिन नांवाची स्वस्त व जळजळीत दारू मिळाली. किरकोळ दुकानांत, तळघरांत, रस्त्यांवरील हातगाड्यांवर ती विकली जाऊं लागली. पुरुषांबरोबर बायकाहि उघडपणें पिऊं लागल्या. तेव्हां सन १७२६ मध्यें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या वैद्यसंस्थेनें पार्लमेंटास एक अर्ज केला. ह्या मद्यामुळें अशक्त व रोगट संतति जन्मास येत आहे, आणि अशी संतति देशाचें बळ न होतां देशास भार होईल, असें त्या अर्जांत म्हटलें होतें. दारूचें नांव घेतांना मुलाचेंहि नांव घेणाऱ्या आरंभीच्या मोठ्या सार्वजनिक कागदांपैकीं हा एक होय. पण त्यांतहि मुलाचा विचार देशाच्या लाभहानीपुरता आहे; मुलाच्या स्वतःच्या दुःखाचा नाहीं.

आठ वर्षांनीं, १७३४ सालीं, सर्व लंडन हादरून जावें अशी एक घटना घडली. ज्यूडिथ डुफूर नांवाच्या एका गरीब स्त्रीची मेरी नांवाची सुमारें दोन वर्षांची मुलगी गरिबांच्या आश्रयगृहांत ठेवलेली होती. तेथें त्या मुलीस नुकतेच नवे कपडे मिळाले होते. आईनें तिला थोड्या वेळापुरतें बाहेर नेलें, एका सोबतिणीच्या संगतीनें तिचे कपडे उतरविले, तिचा गळा आवळला आणि प्रेत खंदकांत टाकलें. कपड्यांचे एक शिलिंग चार पेन्स आले. त्यांची जिन विकत घेण्यांत आली. ज्यूडिथ डुफूर फांशी गेली. हा खटला पुढें जिनविरुद्धच्या लेखांतून व व्याख्यानांतून वर्षानुवर्षें सांगितला गेला.

सन १७३६ मध्यें पार्लमेंटानें एकदम कडक कायदा केला. किरकोळ विक्रीच्या परवान्यास वर्षाला पन्नास पौंड आणि दर गॅलनास वीस शिलिंग कर बसविला. परवाने फारच थोड्यांनीं घेतले. चोरटी विक्री मात्र गल्लोगल्लीं फोंफावली. १७४३ सालीं तो कायदा रद्द करावा लागला. १७५१ च्या फेब्रुवारींत विल्यम होगार्थ ह्या चित्रकारानें ‘जिन लेन’ हें आपलें प्रसिद्ध चित्र छापून काढलें. चित्राच्या मध्यभागीं पायऱ्यांवर एक धुंद आई बसली आहे. चिमूटभर तपकीर घेण्यांत ती गुंतली असतां तिचें मूल हातांतून निसटून कठड्याखालीं कोसळत आहे, आणि तिला त्याची शुद्धहि नाहीं. त्याच वर्षीं झालेला नवा कायदा अधिक व्यवहारी होता. त्यानें, आणि पुढें महागलेल्या धान्यानें, जिनचा पूर हळूहळू ओसरला.

ह्या प्रकरणांतून लंडनच्या लोकांनीं दोन मुलें लक्षांत ठेविलीं : एक मारलें गेलेलें, दुसरें पडत असलेलें. परंतु ज्यास कोणी मारलें नाहीं व जें कोठून पडलें नाहीं, केवळ उपाशीपोटीं आणि भीतीनें रात्रभर जागें राहिलें, असें सामान्य घरांतील मूल कोणाच्याहि चित्रांत आलें नाहीं. भयंकर घटनेनें मन हेलावतें; रोजच्या दुःखानें तें हेलावत नाहीं. हा दोष पुढील दोनशें वर्षें ह्या सगळ्या चळवळीस चिकटून राहिलेला दिसतो.

एकोणिसाव्या शतकांत मद्यपाननिषेधाच्या सभा इंग्लंडांत जोरानें भरूं लागल्या. १८४७ सालीं लीड्स शहरांत जेबेझ टनिक्लिफ हे धर्मोपदेशक आणि अ‍ॅन जेन कार्लाइल ही आयरिश बाई ह्यांच्या प्रयत्नानें ‘बँड ऑफ होप’, म्हणजे आशेचें पथक, ही मुलांची संस्था निघाली. लहान मुलें तेथें जमत, गाणीं म्हणत आणि आपण जन्मांत दारूस शिवणार नाहीं अशी शपथ घेत. मूल प्रथमच सभेच्या मध्यभागीं आलें, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि त्या सभेची दृष्टि मुलाच्या उद्यांवर होती. तें पुढें पिणारा होऊं नये एवढीच चिंता. शपथ घेऊन तें मूल संध्याकाळीं ज्या घरीं परत जाई, त्या घरांत काय चाललें आहे ह्याचें उत्तर त्या शपथेंत नव्हतें.

घरांतील ती स्थिति कायद्याच्या नजरेस आली ती एका साध्या दृश्यामुळें. हातांत भांडें देऊन मुलास दारू आणावयास धाडणें ही इंग्लंडच्या गरीब वस्त्यांत सर्रास चाल होती. गुत्त्याचा उंबरठा मुलाच्या पायाखालचा होऊन जाई. १९०१ सालच्या कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलाच्या हातीं, मोहोरबंद भांड्यावांचून, दारू विकण्यास मनाई केली. पुढें १९०८ च्या बालकांविषयींच्या कायद्यानें आणखी दोन पावलें टाकलीं : पांच वर्षांखालील मुलास आजारासारख्या कारणावांचून दारू पाजणें हा गुन्हा ठरविला, आणि चौदा वर्षांखालील मुलांस गुत्त्याच्या पिण्याच्या खोलींत येण्यास बंदी केली. आज हे नियम ऐकतांना नवल वाटतें. परंतु असा नियम करण्याची वेळ यावी ह्यावरूनच त्यापूर्वींची स्थिति काय होती तें समजतें.

कायद्याबरोबर शास्त्रहि ह्याच प्रश्नाकडे वळलें होतें. १८९९ सालीं लिव्हरपूल येथील तुरुंगाचे डॉक्टर विल्यम सलिव्हन ह्यांनीं दारूच्या आहारीं गेलेल्या १२० स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या ६०० मुलांपैकीं ३३५ मुलें मृतावस्थेंत जन्मलीं किंवा दोन वर्षांच्या आंत दगावलीं. म्हणजे शेंकडा ५५.८. उलट ह्याच स्त्रियांच्या, न पिणाऱ्या, २८ नातलग बायकांच्या मुलांत हें प्रमाण शेंकडा २३.९ होतें. आणखीहि एक गोष्ट त्यांना आढळली. ज्यांना गरोदरपणीं तुरुंगवास घडला व त्यामुळें दारू मिळाली नाहीं, अशा कांहीं स्त्रियांस त्या वेळीं निरोगी मूल झालें. आईस झालेली शिक्षा गर्भास संरक्षण ठरली!

परंतु १९१० सालीं वारें फिरलें. लंडनच्या गॅल्टन प्रयोगशाळेंतून कार्ल पिअर्सन आणि एथेल एल्डर्टन ह्यांनीं एडिंबरो व मँचेस्टर येथील मुलांच्या माहितीवरून एक निबंध प्रसिद्ध केला. आईबापांच्या पिण्याचा मुलांच्या उंचीवर, वजनावर, दृष्टीवर किंवा बुद्धीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढें अर्थशास्त्रज्ञ म्हणून जगद्विख्यात झालेले केन्स त्या वेळीं तरुण होते. त्यांनीं व डॉक्टर सर व्हिक्टर हॉर्स्ले ह्यांनीं ह्या निबंधावर कडाडून टीका केली. पाहणीसाठीं घेतलेली वस्तीच इतकी दरिद्री, कीं तेथील पिणारांची तेथीलच न पिणारांशीं केलेली तुलना सर्व समाजास लागू कशी व्हावी, हा एक मुख्य आक्षेप होता. वाद बराच गाजला. आज मागें वळून पाहतां त्यांतील खरी उणीव वेगळीच दिसते. मुलाची उंची मोजली, वजन मोजलें. पण तें मूल रात्रीं दार वाजलें कीं दचकतें किंवा नाहीं, हें कोणी मोजलें नव्हतें.

इंग्लंडांत हे वाद चालू असतां त्याच राजसत्तेच्या मुंबई इलाख्यांत दारूची कहाणी निराळ्या वाटेनें चालली होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारू गाळणें, विकणें व ताडी काढणें ह्यांवर सरकारचा ताबा बसला. १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील मोहाच्या फुलांपर्यंत हा ताबा पोंचला. कर बसविला कीं पिणें कमी होईल असें म्हटलें जाई. पण कर वाढला कीं खजिना त्या करावर अवलंबूं लागतो, हाहि अनुभव लवकरच आला. पुण्यांत दारूची दुकानें वाढूं लागलीं तेव्हां नगरपालिकेचे सभासद असलेले जोतीराव फुले ह्यांनीं १८८० सालीं लेखी हरकत घेतली. १९०८ सालीं पुण्याच्या गुत्त्यांवर स्वयंसेवकांनीं निरोधन केलें व लोकमान्य टिळकांनीं त्या चळवळीस पाठिंबा दिला. मद्यपानाच्या प्रश्नास अशा रीतीनें राजकीय व सामाजिक धार चढली.

ह्या काळाचें मराठी मनावर उमटलेलें चिरस्थायी चित्र म्हणजे राम गणेश गडकरी ह्यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक. गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले, आणि त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणलें. बालगंधर्वांच्या सिंधूनें पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोळ्यांस पाणी आणलें. सुधाकराची वकिली, सिंधूचें जातें, तळीरामाची संगत, हें सर्व प्रेक्षकांच्या तोंडपाठ झालें. दारूच्या धुंदींत सुधाकराच्या हातून आपल्याच तान्ह्या मुलाचा घात होतो, हा त्या नाटकांतील परम भीषण प्रसंग. तरीहि प्रेक्षक घरीं परततांना बोलत ते सिंधूच्या पातिव्रत्याविषयीं आणि सुधाकराच्या अधःपाताविषयीं. मूल तान्हें, त्याच्या तोंडीं एकहि वाक्य नाहीं. होगार्थच्या चित्राप्रमाणें येथेंहि तें पडतें, मरतें, पण बोलत नाहीं.

ह्यानंतर मुंबई इलाख्यांत, किंबहुना सर्व हिंदुस्थानांत, एक विलक्षण गोष्ट घडली. १९१९ च्या सुधारणांच्या कायद्यानें प्रांतांतील कांहीं खातीं लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलीं. त्यांत शिक्षण होतें आणि बहुतेक प्रांतांत अबकारीहि होती. शाळा वाढवावयाच्या तर पैसा पाहिजे, आणि हाताशीं असलेलें मोठें उत्पन्न म्हणजे दारूचें. म्हणजे बापानें गुत्त्यांत टाकलेला आणा फिरून मुलाच्या शाळेच्या खर्चास येई. आणि ज्या घरांतून तो आणा जाई त्या घरचें मूल पुष्कळदां शाळेंत येऊंच शकत नसे. पिणाराच्या मुलाचें दूध विकून शेजारच्या मुलाची पाटी घ्यावी, असा हा व्यवहार होता. १९३७ सालीं प्रांतांत काँग्रेसचीं मंत्रिमंडळें आलीं तेव्हां महात्मा गांधींनीं ह्याच वर्मावर बोट ठेविलें. मुलांच्या शिक्षणासाठीं दारूच्या उत्पन्नावर विसंबावें लागावें ही ह्या सुधारणांची अत्यंत क्रूर थट्टा आहे, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें होतें. त्या वर्षीं ऑक्टोबरांत वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंत हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना पुढें आली, तिच्यामागें शिक्षणास ह्या पैशापासून सोडविण्याचाहि हेतु होता.

मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ रोजीं दारूबंदी सुरू झाली. पण नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला व तो प्रयोग ढिला पडला. स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून सर्व राज्यांत बंदी अमलांत आली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदानेंहि मद्यनिषेध हें राज्याचें एक कर्तव्य म्हणून सांगितलें. पुढें हातभट्ट्या वाढल्या, आणि महाराष्ट्रांत कायदा क्रमाक्रमानें सैल झाला. गडचिरोली जिल्ह्यांत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ सालीं बंदी आली; चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं आलेली बंदी २०२१ सालीं उठली. प्रत्येक वेळीं वाद झाला तो महसुलाचा, चोरट्या दारूचा, व्यक्तिस्वातंत्र्याचा आणि बायकांच्या हालांचा. बायकांचा आवाज त्यांत आला हें फार बरें झालें. मुलाचा आवाज मात्र आईच्या पदराआडूनच काय तो ऐकूं आला.

मुलानें स्वतः बोलावें ही गोष्ट प्रथम अमेरिकेंत घडली. तेथें पिणारांनीं परस्परांच्या आधारानें दारू सोडण्याची ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना १९३५ सालीं निघाली होती. तिच्यामागून १९५१ सालीं त्यांच्या कुटुंबीयांची संघटना उभी राहिली. १९५७ सालीं कॅलिफोर्नियांतील एका मुलानें अशा घरांतील कुमारवयीन मुलांची स्वतंत्र बैठक सुरू केली. तीच पुढें ‘अलाटीन’ ह्या नांवानें पसरली. बाप पितो हें दुसऱ्यास सांगतां येतें, आणि सांगितल्यानें आकाश कोसळत नाहीं, हा शोध त्या मुलांनीं लावला. १९६९ सालीं कॅनडांतील मार्गारेट कॉर्क ह्या बाईंनीं अशा घरांतील ११५ मुलांशीं बोलून एक पुस्तक लिहिलें. ‘विसरलेलीं मुलें’ असें त्याच्या नांवाचें भाषांतर होईल. मुलांना दारूपेक्षांहि आईबापांचीं भांडणें आणि मायेचा अभाव अधिक सलतो, हें त्यांतून पुढें आलें.

१७२६ च्या वैद्यांनीं जें म्हटलें होतें त्यास पुरावा मिळावयास मात्र जवळजवळ अडीचशें वर्षें लागलीं. १९६८ सालीं फ्रान्सांत पॉल लेमोआन ह्यांनीं मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १९७३ सालीं अमेरिकेंतील केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ ह्यांनीं गरोदर आईच्या पिण्यानें होणाऱ्या विकृतीस नांव दिलें. मुलाची वाढ खुंटते, चेहऱ्याची ठेवण बदलते, मेंदूस कायमची इजा होते. म्हणूनच गरोदरपणीं दारूचा थेंबहि नको, असें डॉक्टर आज सांगतात. त्याच १९७३ सालीं डेन्मार्कमधील पाहणींतून दिसलें कीं, मद्यपी बापाचे मुलगे लहानपणींच दत्तक जाऊन परक्या घरीं वाढले, तरी त्यांना व्यसन जडण्याचें प्रमाण इतर दत्तक मुलांच्या मानानें जवळजवळ चौपट होतें. म्हणजे कांहीं अंश रक्तांतूनहि येतो.

तर मग अशा मुलाच्या कपाळीं बापाचीच गति लिहिलेली आहे काय? ह्या प्रश्नाचें उत्तर हवाई बेटांतील कौआई येथून आलें. तेथें १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांची वाटचाल एमी वर्नर ह्या बाईंनीं वर्षानुवर्षें पाहिली. त्यांत ४९ मुलें पिणाऱ्या आईबापांचीं होतीं. १९८६ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणें, अठराव्या वर्षापर्यंत त्यांपैकीं शेंकडा ४१ मुलांच्या आयुष्यांत गंभीर अडचणी उभ्या राहिल्या. परंतु शेंकडा ५९ मुलें सरळ वाटेनें गेलीं. जीं तरलीं त्यांच्या बाळपणीं बहुधा कोणीतरी एक माणूस असें होतें, ज्याचें लक्ष आपल्यावर स्थिर आहे, हें त्यांस ठाऊक होतें.

घरांत ह्या गोष्टी कशा घडतात हें समजून घेण्यास परदेशीं जावयास नको. पगाराच्या दिवशीं मूल दाराकडे कान लावून बसतें. पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार तें त्यास कळतें. सकाळीं बाप शुद्धीवर असतो, मायेनें जवळ घेतो, वह्या आणण्याचें वचन देतो. संध्याकाळीं तें वचन गुत्त्यांत राहतें. रोज मारणाऱ्या बापापेक्षां असा अर्धा दिवस प्रेमळ बाप मुलास अधिक गोंधळांत टाकतो, कारण कोणत्या बापावर भरंवसा ठेवावा हें त्यास समजत नाहीं. थोरली मुलगी दहाव्या वर्षींच घरची आई होते. धाकटा मित्रांस घरीं आणीत नाहीं. वाण्यानें विचारलें तर ‘बाबा गांवाला गेले आहेत’ असें सांगण्यास मूल शिकतें, आणि खोटें बोलण्याचा हा पहिला धडा त्यास घरची अब्रू राखण्यासाठीं मिळालेला असतो. सर्वांत वाईट म्हणजे, आपल्याच कांहीं चुकीमुळें बाप पितो असें त्याच्या मनानें घेतलेलें असतें.

पिणाराची सुटका करण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत व होत आहेत; पुण्याचें मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हें काम करीत आलें आहे. बापाचें व्यसन सुटलें तर मुलाचेंहि पुष्कळ भलें होतें, ह्यांत शंका नाहीं. पण बाप सुधारेपर्यंत मुलाचें बाळपण थांबून राहत नाहीं. तीं वर्षें एकदां गेलीं कीं गेलीं. म्हणून मुलाची काळजी बापाच्या सुधारणेवर टांगून ठेवणें योग्य नव्हे. कायद्यानें दुकान बंद करावें कीं उघडें ठेवावें हा वाद विद्वान्‌ व मुत्सद्दी करोत. आजी, मामा, शेजारीण आणि शिक्षक ह्यांच्या हातीं असलेलें काम त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाहीं. वर्गांत एखादें मूल डुलक्या घेत असेल, सलग तीन दिवस गृहपाठ करून आणीत नसेल, किंवा सुटी झाली तरी शाळेंतून पाय काढीत नसेल, तर छडी उचलण्यापूर्वीं त्याची रात्र कशी गेली तें चारचौघांच्या आड, हळू आवाजांत विचारावें. बहुधा तें पहिल्या वेळीं कांहींच सांगणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारावें.